गणपतीची गोळी

सेक्टर २२, चंडीगड
५ ऑगस्ट १९७८

ती. वहिनींना कांचनचा नमस्कार,

हे पत्र दादासमोर फोडू नका. आत अश्लील काही नाही, पण तो ते वाचेल, दिवसभर घसा खाकरत फिरेल आणि तुम्हाला उगाच काढा उकळायला लावेल.

तर बातमी. इथल्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या विसळल्या, त्याचं चीज झालं. सोधी मॅडमनी मला स्वतःचं काम दिलं. विषय आहे बायकांच्या रक्तातले हार्मोन. त्यातला एक पहाटे आपण उठायच्या आधीच चढायला लागतो आणि दिवेलागणीपर्यंत उतरतो. दुसरा महिन्याच्या चालीनं चालतो. दोन पाळ्यांच्या मध्यानंतर तो वाढतो, त्यानं अंगही किंचित गरम राहतं, आणि तो उतरला की पाळी येते. हे सगळं विलायतेतल्या बायकांवर तपासून झालंय. आपल्या बायकांची रोजची लय आणि महिन्याची लय एकमेकींशी कशा वागतात, ते मला बघायचंय.

काम जमलं तर मॅडम मला पीएच.डी.ला घेणार. रघुवीरांची इथली मुदत उन्हाळ्यात संपते, मग आमचं बिऱ्हाड हलणार. ऑडिटवाल्यांना पुढे शिलाँगला धाडतील की त्रिवेंद्रमला, देव जाणे. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. वहिनी, मला हे हवंय. इतकं दुसरं काही हवंसं वाटलेलं आठवत नाही.

शेजारच्या बायकांना विचारलं तर रक्त म्हटल्यावर ‘ना जी ना’ म्हणून त्यांनी हात जोडले. शेवटी आपलं महाराष्ट्र मंडळ धावून आलं. तुमच्या शाळेतली मैत्रीण सुरेखा हिनं बारा जणी गोळा केल्या. आठवड्यातून एकदा सकाळ, दुपार, संध्याकाळ रक्त द्यायचं. आणि रोज जाग आल्यावर, अंथरुणातून न उठता आणि न बोलता, तोंडात थर्मामीटर धरायचा. ही अट ऐकून एकजात सगळ्या खूश! सुरेखा म्हणाली, ‘‘म्हणजे सकाळी पाच मिनिटं मला कुणी काही विचारायचं नाही? मग एक महिनाच का, वर्षभर घे की.’’

कुठलं औषध चालू आहे का, हे प्रत्येकीला विचारून घेतलं. सगळ्या ठणठणीत आहेत. सोमवारपासून सुरुवात.

तुमची
कांचन


मिरज
नारळी पौर्णिमा

चि. सौ. कांचनवन्सं यांना आशीर्वाद,

पत्र मिळालं. तुमच्या दादांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि ‘‘एवढं जाड काय लिहिलंय?’’ म्हणून विचारलं. मी म्हटलं, लोणच्याची कृती. आता मला कुठलं तरी लोणचं घालणं भाग आहे.

तुमचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्या रक्तातलं ते पहाटेचं द्रव्य दूधवाल्याच्या घंटीनं चढतं आणि रात्री भांडी पालथी घातली की उतरतं. त्याला प्रयोगशाळा कशाला हवी? आणि बायकांचं महिन्याचं गणित मांडायला तुम्हाला नेमका गणपतीचाच महिना सापडला का? त्या धामधुमीत तुमचा थर्मामीटर कुणी तळणीच्या तेलात बुडवला नाही म्हणजे मिळवली.

सुरेखाचं पत्र आलं होतं. तिच्या सासूबाई, शशिकलाकाकू, यंदा गणपतीपासून थंडीपर्यंत तिच्याकडे राहणार म्हणून तिचं धाबं दणाणलंय. काकू सोवळ्याच्या कडक. त्यांच्यासमोर मंडळाच्या गौरींचा नैवेद्य म्हणजे परीक्षाच. तिनं काही सामान मागवलं होतं. ते तुमच्या मंडळातले वामनराव सुट्टीवरून परतताहेत त्यांच्या हाती दिलंय. गौरींचे मुखवटे आहेत, कापूर आहे, फुलवाती आहेत आणि मंडळातल्या सगळ्या जणींना पुरतील अशा चार किरकोळ वस्तू. पुडा सुरेखाच्याच हातात पडेल असं बघा. वामनरावांनी मध्येच सोडला तर बिचाऱ्यांना कानकोंडं व्हायचं.

आई बऱ्या आहेत. तुम्ही डॉक्टर होणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘मग गुडघ्यावर काही देईल का?’’ मी हो म्हणून टाकलंय.

वसुधा


चंडीगड
१८ सप्टेंबर १९७८

ती. वहिनींना नमस्कार,

वहिनी, बसून वाचा. मला शोध लागलाय!

गणपती झोकात झाले. आपल्या बायकांनी सतरा सेक्टरांतून सायकली, स्कूटर, रिक्षा करून येऊन मोदकांचा डोंगर रचला. शशिकलाकाकू पाटावर बसून एकेक कळी तपासत होत्या. या गर्दीतही माझ्या बाराही जणींनी थर्मामीटर चुकवला नाही आणि रक्त द्यायलाही वेळेवर हजर झाल्या. गणपती बसल्यापासून गौरी जाईपर्यंत एकीचीही पाळी आली नाही. मला नवल वाटलं, पण योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढे गौरी गेल्या, आणि दोन-तीन दिवसांत बारातल्या आठ जणींना पाळी आली! ज्यांची एरवी पंधरा-पंधरा दिवस पुढेमागे असते, त्याही त्यात आल्या.

त्याहून गंमत पुढेच आहे. या आठ जणींपैकी बऱ्याच जणींच्या रक्तातला तो हार्मोन आधीच, ठरल्या वेळी उतरला होता. म्हणजे पाळी तेव्हाच यायला हवी होती. पण नाही. अंग गरमच राहिलं आणि पाळी जणू आरती संपायची वाट बघत थांबली. हे कुठल्याच पुस्तकात नाही. सोधी मॅडमनी आकडे तीनदा तपासले आणि म्हणाल्या, ‘‘कांचन, यह तो कमाल है जी!’’

एकत्र राहणाऱ्या मुलींच्या पाळ्या जवळ येतात असं परदेशात कुणीतरी लिहिलंय. आपलं त्याच्याही पुढे गेलंय. माझा निबंध तयार आहे. नाव ऐका: ‘एकत्र उत्सव साजरा करणाऱ्या स्त्रियांच्या मासिक चक्रावर सामूहिक आनंदाचा परिणाम’. वीस ऑक्टोबरला दिल्लीच्या परिषदेत तो मी वाचायचा. तिथून परतल्यावर पीएच.डी.च्या अर्जावर मॅडमची सही.

रघुवीर मला आता ‘सामूहिक आनंद’ म्हणून हाक मारतात. दादाला सांगा, नाहीतर नका सांगू.

आनंदात,
कांचन


मिरज
सर्वपित्री

चि. सौ. कांचनवन्सं यांना आशीर्वाद,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं. पाटावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही, आई म्हणाल्या चक्कर आली का.

अभिनंदन. पण दिल्लीची एवढी घाई कशाला? थंडी पडू द्या, स्वेटर होऊ द्या. आणि त्या बायकांना पुन्हा एकदा नीट विचारा ना. सणावारी बायका काय काय करतात, काय काय खातात, याचा पत्ता त्यांच्या नवऱ्यांनासुद्धा नसतो. मोठ्या लोकांसमोर उभं राहायच्या आधी खात्री केलेली बरी, एवढंच माझं म्हणणं.

आज सर्वपित्री आहे, चुलीवर खीर आहे, जास्त लिहीत नाही. सुरेखाला म्हणावं मला पत्र टाक, ताबडतोब.

वसुधा


चंडीगड
७ ऑक्टोबर १९७८

ती. वहिनींना नमस्कार,

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. आधी रागच आला, मग वाईट वाटलं.

मी लहानपणी काही करून दाखवलं की आई म्हणायची, ‘‘पुरे आता, पानं घे.’’ तुम्ही तसल्या नाही, म्हणून तर मी दादाला न लिहिता तुम्हाला लिहिते. स्वेटर होऊ द्या म्हणे! बायका काय खातात ते मी विचारलंय. मोदक, साटोऱ्या आणि घावन-घाटलं. त्यानं पाळी थांबत असती तर कोकणात पोरंच झाली नसती.

सुरेखाला तुमचा निरोप दिला. ती एकदम लाल झाली आणि दूध उतू जातंय म्हणून आत पळाली. स्वयंपाकघरात दूध नव्हतंच. तुम्हा दोघींचं काही बिनसलंय का? तसं असेल तर त्याचा राग माझ्या निबंधावर काढू नका.

मी एकोणीसला सकाळच्या बसनं दिल्लीला निघतेय. आशीर्वाद द्यावासा वाटला तर द्या.

कांचन


तार
१२ ऑक्टोबर १९७८

दिल्लीला जाऊ नका. पत्र पाठवते. वसुधा.


मिरज
दसऱ्याचा दुसरा दिवस

कांचन,

आज वन्सं नाही, कांचन म्हणते, म्हणजे तू समजशील.

तार मिळाली असेल. घरात कुणी गेलं असं वाटून रघुवीरराव बॅग भरायला धावले असतील, त्यांची माफी माग. मला तारेत सगळंच लिहायचं होतं. पण तारऑफिसच्या खिडकीत तुझ्या दादांचे मित्र बसले होते. आणि ‘बायकांनी गोळ्या घेतल्या’ असं लिहिलं असतं तर तुझ्या दारात पोलीस आले असते.

हो, गोळ्या. अगं, तुझ्या बायकांची पाळी आरतीसाठी थांबली नव्हती, ती थांबवली होती. हल्ली त्यासाठी गोळी मिळते. तारखेच्या आधी दोन-तीन दिवस सुरू करायची, गौरी जाईपर्यंत रोज घ्यायची, बंद केली की पाळी येते. जिची तारीख सणात येत होती तिनं घेतलीच, जिची तारीख जवळपास होती तिनंही भरवशाला घेतली. मी पाठवलेल्या पुड्यातल्या ‘किरकोळ वस्तू’ त्याच. चंडीगडच्या दुकानात जायची त्यांना लाज वाटते. तिथला दुकानदार भर गिऱ्हाइकांत ‘‘किसके लिए चाहिए, बहनजी?’’ विचारतो म्हणे.

तू औषध विचारलंस आणि त्या नाही म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत गं. औषध आजाऱ्याला असतं. ही गणपतीची गोळी. कापूर, कुंकू, गोळी, सगळं एकाच यादीतलं. तुला कुठून कळणार? तू शिकायला वसतिगृहात गेलीस, तुझ्या सासरी कुणी काही पाळत नाही. तू इथं होतीस तेव्हा आम्ही मुकाट कोपऱ्यात बसायचो. गोळी नंतर आली.

तुझं भाद्रपदातलं पत्र वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. पण सुरेखानं मला शपथ घातली होती. काकूंच्या कानावर गेलं तर तिला घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं तिला वाटतं. म्हणून मी स्वेटरच्या गोष्टी केल्या. तू मला मत्सरी समजलीस तेव्हा मात्र रडू आलं, आणि शपथ गेली खड्ड्यात असं ठरवलं. परिषदेत एखाद्या खवचट माणसानं उठून विचारलं असतं, तर तुला कुणी पुन्हा उभं केलं नसतं.

मीसुद्धा घेते. गेली पाच-सहा वर्षं, गौरी, नवरात्र, चंपाषष्ठी, घरातलं प्रत्येक लग्न. डोकं ठणकतं, पायात गोळे येतात, आणि मागाहून पाळी आली की सरता सरत नाही. पण कामं होतात.

मॅडमना काय सांगशील ते विचार करून सांग. पण सांग.

वसुधावहिनी


चंडीगड
२४ ऑक्टोबर १९७८

ती. वहिनी,

मी किती मूर्ख! पहिली माफी तुमची मागते. मत्सर म्हणे! उद्या समोर आलात तर पाय धरीन, आणि तुम्ही लाथ मारलीत तरी चालेल.

दिल्लीला गेले नाही. एक अख्खा दिवस मनात आलं, की कुणाला काय कळतंय, वाचून टाकावा निबंध. मग स्वतःचीच शिसारी आली आणि मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. ‘सामूहिक आनंद’ हे शब्द त्यांनी इंग्रजीत दोनदा उच्चारले. दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, ‘‘बेटा, सवाल बदलो, महीना बदलो, औरतें मत बदलो.’’ म्हणजे त्याच बायका हव्यात, पण गोळीविना. तसा एक महिना मिळाला तर सही, नाही तर नाही.

आता असा महिना शोधा! आत्ता दिवाळी, मग तुळशीचं लग्न, मार्गशीर्षात गुरुवार, पौषात संक्रांतीचं हळदीकुंकू, माघात पुन्हा गणपती. तोवर आमची बदली. मी हात टेकले.

तरी सुरेखाकडे सगळ्यांना जमवलं. काकू आतल्या खोलीत वाती वळत होत्या म्हणून आम्ही कुजबुजतच बोलत होतो. दिवाळीत गोळी नको म्हटल्यावर सगळ्या आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागल्या. तेवढ्यात काकूच दारात.

‘‘कसली गोळी गं?’’

सुरेखा पांढरीफटक. शेवटी मीच सांगितलं. काकू ऐकून घेत खुर्चीवर बसल्या.

‘‘आणि हे कुणासाठी केलंत? माझ्यासाठी?’’

सुरेखानं मान डोलावली.

‘‘मला आपलं वाटायचं, हल्लीच्या पोरींच्या पाळ्याच शहाण्या झाल्यात,’’ काकू म्हणाल्या. आम्हाला हसावं की रडावं कळेना. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘माझ्या सासरी घरात ढीगभर माणसं. एरवी पहाटेपासून पाठ टेकायला मिळायची नाही. पण बाहेरची असले की कोपऱ्यात घोंगडीवर पडून राहायची. पाणी वरून ओतायचे त्याची चीड यायची, फार चीड यायची. पण झोप मिळायची. कुणी हाक मारायचं नाही. त्या झोपेची मी महिनाभर वाट बघायची. तुम्ही कोपरा घालवलात ते चांगलं केलंत गं. पण झोपही घालवून बसलात?’’

वहिनी, बाराजणींपैकी एकीच्याही डोळ्याला डोळा भिडेना. काकू उठल्या आणि त्यांनी हुकूम सोडला, ‘‘आता कुणी गोळी घ्यायची नाही. जिला पाळी येईल तिनं माझ्या खोलीत येऊन झोपावं. तिला शिवायला माझी हरकत नाही, उठवायला आहे.’’

उद्यापासून पुन्हा थर्मामीटर.

आता तुमचं. तुम्ही चार ओळींत लिहून मोकळ्या झालात, पण मला झोप लागेना. दर सणाला गोळी, पुन्हा पुन्हा, कुणाला न विचारता? आधी डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या वेळी घेऊ नका. ऐकाल का माझं?

कांचन


चंडीगड
२७ नोव्हेंबर १९७८

ती. वहिनी,

महिना होऊन गेला, तुमचं पत्र नाही. मी विचारलं ते आवडलं नाही का?

मॅडमनी आज सही केली. मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी झाले! यावेळी प्रत्येकीची पाळी आपापल्या मर्जीनं आली. एकीची नरकचतुर्दशीला, सुरेखाची भर पाडव्याला, आणि बाकीच्यांची मिळेल त्या दिवशी. हार्मोन उतरला की अंग निवतं, अंग निवलं की पाळी, सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. माझा थोर शोध पार बुडाला आणि त्याच्या जागी खरे आकडे आले. मॅडम म्हणतात, यांवर पुढची तीन वर्षं काम होईल, बदलीच्या गावाहूनही.

पाडव्याला सुरेखा काकूंच्या खोलीत झोपली आणि चकल्या काकूंनी तळल्या. त्या कुणाच्याही दातांनी तुटल्या नाहीत. रघुवीरांनी एक ऑफिसात पेपरवेट म्हणून नेलीय.

चंपाषष्ठी आलीच आहे. म्हणून विचारते.

कांचन


मिरज
चंपाषष्ठी

चि. कांचन, डॉक्टरीणबाई,

आधी तुला खूप खूप आशीर्वाद. तुझी सही झाली हे वाचून मी कधी नव्हे ते तुझ्या दादांसमोर टाळ्या वाजवल्या.

तुझी पत्रं मिळत होती. उत्तर लिहिलं नाही, कारण गोळ्यांचं पाकीट आणून ठेवलं होतं आणि तुला थापही मारवत नव्हती. परवा डबा उघडून पाकीट हातात घेतलं आणि तशीच उभी राहिले. मग काय सुचलं कोण जाणे, तुझं ऑक्टोबरातलं पत्र घेतलं आणि शशिकलाकाकू काय म्हणाल्या ते आईंना वाचून दाखवलं. आई लसूण सोलत होत्या. मान वर न करता सोलतच राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता वर्षभर बोलणी खायची.

लसूण सोलून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातलं पाकीट मागून घेतलं. ‘‘दरसाल हेच खायचीस?’’ मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘‘आणि मी गल्लीभर सांगत फिरायचे, माझ्या सुनेवर खंडोबा प्रसन्न आहे, षष्ठीला कधी अडचण येत नाही.’’ मग त्यांचे डोळे भरून आले. माझेही. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र रडलो ती ही पहिलीच वेळ, आणि मला फार बरं वाटलं.

आज सकाळी पाळी आली. मी ते आईंना सांगितलं, पण तुझे दादा दाढी करत होते तिथपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. त्यांनी गाल कापून घेतला. आईंनी मागच्या खोलीत गादी घातली, मला म्हणाल्या ‘‘जा’’ आणि त्यांना म्हणाल्या, ‘‘श्रीराम, वांगी भाजायला घे.’’

तेव्हापासून मी इथं पडले आहे. हे पत्रही पडूनच लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. ऊन पायांवर आलंय. भरताचा खमंग वास येतोय, जरा करपलाय, पण खंडोबा चालवून घेईल. तुझे दादा आत्ता तिसऱ्यांदा दाराशी येऊन हलक्या आवाजात विचारून गेले, हिंगाची डबी कुठे आहे. ती त्यांच्या नाकासमोरच्या फळीवर आहे. मला माहीत आहे, पण मी झोपले आहे.

तुझी
वसुधावहिनी